जुन्या मोटारीचे नवे वायरिंग

ग्वाल्हेरचे नाव निघाले की गाण्याच्या शौकिनाला तेथील घराणे आठवते आणि इतिहास वाचणाऱ्याला शिंदे आठवतात. मला मात्र गेल्या उन्हाळ्यापासून ग्वाल्हेर म्हटले की जळक्या रबराचा वास आठवतो. तो का, हे सांगण्यासाठी हा लेख. यात नवे शास्त्र काही नाही. ओमचा नियम आणि ज्यूलचा नियम, एवढ्या दोनच गोष्टी आहेत. हे दोन्ही नियम मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. पण ते मला नीट समजले ते एका जुन्या मोटारीमुळे.

ग्वाल्हेर आणि मोटार यांचे नाते जुने आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या कोल्हापूरपर्यंत येतो. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर या मार्गावर मोटारींची कसोटी घेण्यात आली. सुमारे ६२० मैलांची वाट आणि तीत सहा घाट. या कसोटीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट गाडी सरस ठरली, आणि पुढे ती ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. त्या काळच्या मोटारीत विजेला जवळजवळ एकच काम असे, ते म्हणजे सिलिंडरमधल्या मिश्रणाला ठिणगी देणे. दिवे तेलाचे किंवा कार्बाइडच्या गॅसचे, भोंगा रबरी फुग्याचा, आणि इंजिन सुरू करावयाचे ते हँडल मारून.

१९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीला विजेचा सेल्फ-स्टार्टर आणि विजेचे दिवे मिळाले. मग हॉर्न, वायपर, दिशादर्शक दिवे, पेट्रोलचा काटा अशी एकेक कामे विजेकडे गेली. प्रत्येक कामामागे एक तार वाढली. आजच्या मोटारीतील तारांची एकूण लांबी किलोमीटरमध्ये मोजावी लागते. इतक्या तारा सुट्या लोंबत ठेवता येत नाहीत. म्हणून त्यांचा एक जुडगा बांधतात आणि जेथे ज्याची गरज तेथे त्यातून फांदी काढतात. या जुडग्यालाच हार्नेस म्हणतात. कारागीर त्याला नुसते ‘वायरिंग’ म्हणतात.

लष्करमधील गाडी

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी जेथे पडली, तेथेच पुढे वस्ती वाढून ग्वाल्हेरचे ‘लष्कर’ झाले. अनेक मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. माझी मावशी अशाच एका घरात असते. काकांची, म्हणजे मावशीच्या यजमानांची, ॲम्बॅसडर मार्क टू गाडी घराच्या मागील पडवीत उभी होती. काका गेल्याला आठ वर्षे झाली, आणि गाडीलाही त्या दिवसापासून कोणी हात लावलेला नव्हता. मावसभावाने ती भंगारवाल्याला द्यायचे ठरवले होते. मावशी त्यावर काही बोलत नव्हती. मी पोहोचलो त्या संध्याकाळी ती एवढेच म्हणाली, “अरे, तू फिजिक्स शिकवतोस ना? देण्याआधी एकदा बघ तरी.”

मी पाहिले, पण कसे पाहिले, ते कबूल केले पाहिजे. आम्ही नवी बॅटरी आणली, ती जोडली आणि मोठ्या ऐटीत मी पार्किंग दिव्यांचा स्विच ओढला. दिवे लागले नाहीत. डॅशबोर्डखालून धूर मात्र आला. भावाने धावत जाऊन बॅटरीचा क्लॅम्प हिसडून काढला. तो पान्याने आवळायचा राहून गेला होता, म्हणूनच हाताने निघाला. आणखी अर्धे मिनिट गेले असते, तर गाडीच काय, वरचे लाकडी छतही वाचले नसते.

धूर ओसरल्यावर मी फ्यूज पाहिले. गाडीत दोनच फ्यूज होते आणि दोन्ही शाबूत! विजेचा इतका मोठा प्रवाह वाहिला आणि फ्यूज वितळला नाही, हे कसे? खरा धडा या प्रश्नातच होता.

धूर का आला?

प्रथम प्रवाह किती वाहिला असेल ते पाहू. आपल्या विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओम असतो. बॅटरीपासून बिघाडाच्या जागेपर्यंत अशी तीन मीटर तार धरली, तर तिचा रोध ०.०५ ओम. बॅटरी आणि सांधे यांचे मिळून ०.०२ ओम धरू. बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे प्रवाह १२ भागिले ०.०७, सुमारे १७० अँपियर. ही तार नऊ अँपियरच्या आतबाहेरच्या प्रवाहासाठी असते!

आता ज्यूलचा नियम. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे त्या तीन मीटर तारेत जवळजवळ दीड हजार वॅट उष्णता निर्माण होते. तारेतील तांबे अवघे २७ ग्रॅम. तांब्याची विशिष्ट उष्णता लक्षात घेतली, तर तारेचे तापमान दर सेकंदाला शंभर अंशांहून अधिक वाढते. रबराला जळायला याहून अधिक काय हवे? आणि जुडग्यात ती तार एकटी नसते. तिच्या अंगाला चिकटून असलेल्या दहा-बारा निर्दोष ताराही तिच्याबरोबर भाजून निघतात.

मग फ्यूज का गेला नाही? कारण फ्यूज त्या वाटेवर नव्हताच. त्या काळच्या ब्रिटिश धर्तीच्या गाड्यांत हॉर्न, वायपर, ब्रेकचा दिवा इत्यादींना फ्यूज असे. हेडलाइट आणि पार्किंग दिव्यांची तार मात्र बॅटरीकडून विनाफ्यूज येई. फ्यूज ज्या वाटेवर बसवला असेल, त्याच वाटेचे तो रक्षण करतो. तो दिव्याचे रक्षण करतो हा समजही चुकीचा आहे. दिवा गेला तर दिवा बदलता येतो. फ्यूज असतो तो तारेसाठी. म्हणून फ्यूजचा आकडा दिव्यावरून ठरवून भागत नाही. दिव्याला पुरेल एवढा मोठा, पण तार सोसेल त्याहून लहान असा तो निवडावा लागतो. फ्यूज जळाल्यावर तेथे जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणारे लोक आपणही पाहिले असतील. ते फ्यूजचे काम हार्नेसवर सोपवीत असतात.

दुरुस्ती की बदली?

जळालेली तेवढी तार कापावी, नवी जोडावी, वर टेप गुंडाळावी आणि मोकळे व्हावे, असे भावाचे म्हणणे होते. मलाही ते पटत होते. आम्ही लष्करातल्याच एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी काही न बोलता डॅशबोर्डखालील एक फांदी दोन बोटांत धरून वाकवली. वरचे सुती वेष्टण फाटले आणि आतले रबर बिस्किटासारखे चुरून खाली पडले. तांबे उघडे झाले. ते म्हणाले, “मास्टरसाब, एक तार नहीं जली है। सब की उमर हो गई है।”

तारेचे वय होते म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. जुन्या तारांचे रबर हवेतील ऑक्सिजन आणि ओझोनमुळे कडक होऊन तडकते. पुढे आलेल्या पीव्हीसीच्या तारांत लवचीकपणासाठी मिसळलेला पदार्थ उष्णतेने हळूहळू निघून जातो. ग्वाल्हेरचा मे महिना ४५ अंशांच्या घरातला, आणि बंद बोनेटखाली त्याहून अधिक. बॅटरीजवळच्या तारांना आम्लाची वाफ लागते. शिवाय उंदीर! आमच्या गाडीत हीटरच्या जागी उंदरांचे घरटे निघाले, आणि ते सगळे हार्नेसच्या सुती धाग्यांनी विणलेले होते.

ही झाली बाहेरची बाजू. आत तांबे काळवंडते, सांध्यांवर हिरवा थर चढतो आणि रोध वाढतो. एखाद्या सांध्याचा रोध केवळ ०.२ ओम झाला आणि त्यातून हेडलाइटचा ७ अँपियर प्रवाह गेला, तर तेथे सुमारे १० वॅट उष्णता निर्माण होते. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. म्हणजे डॅशबोर्डच्या आत जवळजवळ अर्धे सोल्डरिंग आयर्न तापत ठेवल्यासारखे झाले! त्याच सांध्यावर १.४ व्होल्ट खर्च होतात आणि दिव्याला उरलेलेच मिळतात. दिव्याचा दाब दहा टक्क्यांनी घटला, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. ‘जुन्या गाडीचे दिवे मंदच असतात’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा दिवे मंद नसतात; तारा म्हाताऱ्या झालेल्या असतात.

अशा जुडग्यात एक नवी तार घातली, तर उरलेल्या तारा त्याच अवस्थेत राहतात. उलट ठिगळ लावताना हार्नेस हलवावा, वाकवावा लागतो आणि आणखी चार ठिकाणी रबर तडकते. म्हणून संपूर्ण हार्नेस बदलावयाचा असे ठरले. गाडी विकायची की ठेवायची, हा प्रश्न तूर्त बाजूला राहिला.

काम कसे केले

पहिला नियम बॅटरी काढण्याचा. आणि तीही बॉडीला जोडलेले टोक आधी सोडून. तसे केले म्हणजे दुसरे टोक सोडताना पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही.

दुसरा नियम वहीचा. एकही तार सोडण्यापूर्वी प्रत्येक टोकाची नोंद करावयाची: कोणत्या रंगाची, कोठून आली, कोठे गेली. आम्ही प्रत्येक टोकाला चिकटपट्टीची चिठ्ठी लावून क्रमांक दिला आणि तोच क्रमांक वहीत लिहिला. फोनवर छायाचित्रेही घेतली. पण सांगतो, उपयोगी पडली ती वहीच. छायाचित्रात तारांवर तारा आलेल्या असतात.

रंगांना अर्थ असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. या गाड्यांतील विजेची पद्धत ब्रिटनच्या ल्यूकस कंपनीच्या धर्तीची. तीत तपकिरी तार म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली. पांढरी म्हणजे इग्निशनच्या किल्लीतून आलेली. हिरवी म्हणजे किल्लीनंतर फ्यूजमधून गेलेली. जांभळी म्हणजे किल्लीशिवाय, पण फ्यूजमधून गेलेली. निळी हेडलाइटची, त्यातही निळ्यावर पांढरी रेघ असेल तर वरचा झोत, लाल रेघ असेल तर खालचा. लाल तार पार्किंग व मागच्या दिव्यांची, आणि काळी बॉडीला जाणारी. ही भाषा कळली की जुडगा वाचता येतो. चाळीस-पन्नास वर्षांत सगळेच रंग मातकट होतात. अशा वेळी पत्र्याच्या क्लिपखालील भाग पाहावा. तेथे ऊन-धूळ पोहोचत नाही, म्हणून मूळ रंग टिकून राहतो.

तिसरा नियम मिस्त्रींचा: “धागा बाँधे बिना तार मत खींचना।” मागच्या दिव्यांकडे जाणारी फांदी छताच्या आणि दाराच्या पोकळीतून जाते. ती नुसती ओढून काढली, तर नवी आत घालायला वाट सापडत नाही. म्हणून जुन्या फांदीच्या शेपटीला मजबूत दोरी बांधून मग ओढावयाचे. तार बाहेर येते, दोरी आत राहते, आणि त्याच दोरीने नवी फांदी आत खेचून घेता येते. इतकी साधी युक्ती. पण ती आधी सुचावी लागते.

जुना हार्नेस न कापता अखंड बाहेर काढला, अंगणात प्लायवुडच्या फळीवर पसरला आणि प्रत्येक वळणावर व फांदीवर खिळे ठोकले. मग नव्या तारा त्या खिळ्यांवरून टाकीत गेलो. जुन्या गाड्यांसाठी तयार हार्नेसही मिळतात, आणि मिळाला तर जरूर घ्यावा. पण आम्हाला फ्यूज वाढवावयाचे होते, म्हणून हाताने केला. तारांची जाडी प्रवाहावरून ठरवली. ०.३० मिलिमीटरचे १४ धागे असलेली तार पावणेनऊ अँपियरपर्यंत, २८ धाग्यांची साडेसतरापर्यंत आणि ४४ धाग्यांची साडेसत्तावीसपर्यंत चालते. हेडलाइटच्या मुख्य वाटेला २८ धाग्यांची तार घेतली. डावा व उजवा दिवा यांना १० अँपियरचे वेगवेगळे फ्यूज दिले. दोघांना मिळून एकच फ्यूज दिला आणि तो रात्री घाटात गेला, तर हार्नेस वाचेल, पण माणसे वाचतीलच असे नाही.

टोकांना थिंबल बसवताना ते पकडीने दाबून तार ओढून पाहावयाची. पत्र्याच्या भोकातून जुडगा जातो तेथे रबरी ग्रॉमेट नवे बसवावयाचे. नाहीतर इंजिनाच्या थरथरीने पत्र्याची धार तार कापते. बॉडीला जोडणाऱ्या काळ्या तारांखालील रंग आणि गंज खरवडून पत्रा चकचकीत करावयाचा. गाडीची बॉडी हीच सर्व दिव्यांची परतीची तार असते. तेथे गंज असला, तर पुढच्या नव्या तारांना काही अर्थ उरत नाही. आणि एक सावधगिरी: त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांप्रमाणे या गाडीतही बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले होते. आजच्या सवयीने ऋण टोक बॉडीला जोडले असते, तर डायनामो आणि त्याचा कटआउट यांचे नुकसान झाले असते.

वहीत न बसणारी तार

तारांचा हिशेब लावताना एक तार जास्त निघाली. वायरिंगच्या आकृतीत ती कोठेच नव्हती. पार्किंगच्या लाल तारेला ती डॅशबोर्डमागे पिळून जोडलेली होती, वर टेप होती, आणि तेथून ती मागच्या आसनाच्या वर गेली होती. टेपचा गोंद सुकून ती सुटली होती आणि सांधा पत्र्याच्या कडेला टेकला होता. धूर येथूनच निघाला होता. मी ती तार मावशीला दाखवली. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “मी शाळेत शिकवत होते तेव्हाची. इंदूरला जाताना रात्री गाडीत पेपर तपासता यावेत, म्हणून त्यांनी मागे छोटा दिवा बसवून दिला होता.”

काकांनी तो सांधा आपुलकीने केला होता यात शंका नाही. पण तार पिळणाऱ्याच्या मनात काय होते, हे प्रवाहाला कळत नाही. त्याला फक्त रोध कळतो. नव्या हार्नेसमध्ये आम्ही त्या दिव्यासाठी एक स्वतंत्र तार टाकली आणि तिला तिचा स्वतःचा लहान फ्यूज दिला. भावाने यावर एक शब्दही काढला नाही. उलट त्या तारेच्या जाडीचा हिशेब त्यानेच केला.

पहिली परीक्षा

अकराव्या दिवशी हार्नेस बसला. आता बॅटरी जोडावयाची. पण या वेळी ऐट नव्हती. बॅटरी आणि गाडी यांच्या मध्ये आम्ही २१ वॅटचा एक बल्ब जोडला. ही युक्ती प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाडीत कोठेही तार पत्र्याला लागलेली असली, तर सगळा दाब बल्बवर येतो, तो पूर्ण तेजाने पेटतो, आणि प्रवाह पावणेदोन अँपियरच्या पुढे जात नाही. बल्ब ओरडून सांगतो, पण काही जळत नाही. सगळे स्विच बंद असताना तो विझलेलाच राहिला पाहिजे. मग एकेक स्विच लावावा. लहान दिव्याला तो मंद तांबूस दिसतो, तेव्हा समजावे की वाट बरोबर आहे.

आमचा बल्ब पहिल्या जोडणीलाच झगझगीत पेटला! तासभर शोधल्यावर कळले की मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये एका तारेचे दोन सुटे धागे पत्र्याला टेकले होते. तो बल्ब मध्ये नसता, तर दहा दिवसांची मेहनत त्या दोन धाग्यांनी धोक्यात आणली असती. धागे कापले, बल्ब विझला, आणि मग खरी बॅटरी थेट जोडली.

इंजिनाची कथा वेगळी आहे. त्याला अजून बरेच काम लागेल. परंतु त्या रात्री दोन्ही हेडलाइट समोरच्या भिंतीवर पांढरे पडले. मावशी मागच्या आसनावर जाऊन बसली आणि तिने वरचा छोटा दिवा लावला. भंगारवाल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

विद्यार्थिमित्रांना सांगायचे ते इतकेच. सूत्र पाठ असणे आणि स्विच ओढण्यापूर्वी ते आठवणे, या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे. मी भौतिकशास्त्र शिकवतो, तरीही न तपासता स्विच ओढला. मिस्त्रींनी सूत्र कधी लिहिले नसेल, पण त्यांनी आधी तार वाकवून पाहिली. तुमच्याही घरी किंवा शेजारी एखादी वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी असेल, स्कूटर असेल, शेतावरचा पंप असेल. तो सुरू करण्यापूर्वी एक तार दोन बोटांत धरून वाकवून पाहा. आणि मध्ये एक बल्ब जोडायला विसरू नका.